विठ्ठलाच्या गावातली एलिझाबेथ

मंडळी, डिसेंबर लागला की आमच्या नावड्यातही गॅलऱ्यांमधून कागदी चांदण्या लटकू लागतात. मागच्या रविवारी शेजारच्या मुलांनी नाताळचा एक जुना सिनेमा लावला होता, १९४७चा ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’. आम्हीही बसलो. एक म्हातारा स्वतःला सांताक्लॉज म्हणवतो आणि प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात जातं. पुरावा काय? तर पोस्टखातं मुलांनी सांताला लिहिलेली पत्रं पोत्यांनी आणून ओततं. सरकारी खात्यानं मानलं, म्हणजे आहे! तर्कशास्त्राच्या पेपरात असं उत्तर आलं असतं तर आम्ही शून्य दिलं असतं. त्यातल्या लहान मुलीला एक घर हवं असतं. शेवटी तेही मिळतं. श्रद्धेची रोख पावती!

आणि आम्हाला आठवला आपल्याकडचा ‘एलिझाबेथ एकादशी’. दिग्दर्शक परेश मोकाशी, कथा मधुगंधा कुलकर्णी यांची. २०१४ साली १४ नोव्हेंबरला, बालदिनी लागला. तमिळ ‘काक्का मुट्टै’बरोबर उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला विभागून मिळाला. इथंच घोटाळा झाला, असं आमचं मत. बालचित्रपट म्हटला की मोठी माणसं मुलांना खुर्चीत बसवतात आणि स्वतः पेंगतात. आम्ही नातवाला घेऊन गेलो होतो आणि अगदी हेच केलं. परवा पुन्हा पाहिला, तेव्हा कळलं की झोपलो होतो ते आपल्याच विषयावर.

गोष्ट पंढरपूरची. ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण मुक्ता. नावं बघा! वडील वारलेले, त्यांनी बनवून दिलेली सायकल म्हणजे एलिझाबेथ. आई विणकामाच्या मशीनवर घर चालवते. कर्ज थकतं, मशीन जातं, आणि सायकल विकायची वेळ येते. मुलं मग कार्तिकीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. कथेचा सांगाडा एवढाच. पण या घरात न्यूटन आणि तुकाराम यांचं भांडण नाही. ज्ञानेशला दोघंही संतच वाटतात.

आपल्या सगळ्यांना बाल नामदेवाची गोष्ट पाठ आहे. नैवेद्य पुढं ठेवला, विठ्ठल जेवेना, पोर डोकं आपटून घ्यायला निघालं, आणि देव जेवला. मोकाशींच्या पंढरपुरात विठ्ठल जेवायला येत नाही. मंदिर तिथंच आहे, वारकरी येताहेत, टाळ वाजताहेत. पैसे मात्र मुलांनाच मोजावे लागतात. तरीही भाव आटत नाही. हे कसं?

श्रद्धा या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक, ‘अमुक आहे, तमुक घडेल’ असं मानणं. दुसरी, भरवसा टाकून कामाला लागणं. पहिली खोटी ठरू शकते. दुसरीचं तसं नाही. विल्यम जेम्सनं १८९६ साली दाखवून दिलं होतं की काही गोष्टी आधी भरवसा टाकल्याशिवाय घडतच नाहीत, मैत्री त्यातलीच. (जेम्सवर आक्षेप आहेत, चांगले आहेत, ते पुढच्या वेळी.)

हे आम्ही वर्गात किती वर्षं शिकवलं, पण स्वतःला लावलं नाही. आम्ही अकरा वर्षांचे असताना वडील अंथरुणाला खिळले. आम्ही रोज पहाटे मारुतीला एकवीस प्रदक्षिणा घालायचो. वडील गेले. तेराव्यानंतर आम्ही मनाशी हिशेब मांडला: देव ऐकत असता तर वडील वाचले असते, वाचले नाहीत, सबब देव ऐकत नाही. युक्तिवादाचा आकार बिनचूक आहे, आजही. पण सिनेमा पाहताना मनात आलं, तो मुलगा रोज पहाटे थंडीत उठत होता तो सौदा करायला की दुसरं काहीच हातात नव्हतं म्हणून? बापासाठी काहीतरी करणं, एवढंच ते असेल, तर प्रदक्षिणा फुकट गेल्या असं म्हणायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? साठ वर्षं आम्ही त्या पोराला मूर्ख समजत आलो.

शेजारच्या मुलांना परवा हाच सिनेमा लावून दिला. धाकटीनं मध्येच विचारलं, ‘आजोबा, यात विठ्ठल कधी येणार?’ तिचा दादा म्हणाला, ‘गप गं, बांगड्या किती खपल्या ते बघू दे.’

बरं, आता प्रश्न घेऊ. फक्त शेवट कुणी फोडू नका, निम्म्या मंडळींनी पाहिलेला नाही.