एक जाड की तीन पातळ?



दिवाळी जवळ आली की आमच्या शिरूर कासारच्या परिसरात दोन प्रकारची आवराआवर सुरू होते. काही घरांत फराळाचे डबे भरले जातात, तर काही घरांत भांडी, पत्र्याची पेटी, गोधड्या आणि कोयते बांधून ठेवले जातात. ही दुसरी घरं ऊसतोड कामगारांची. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाच्या झळा लागू लागल्यावर. म्हणजे त्यांचा अख्खा हिवाळा उसाच्या फडात आणि कोपीत जातो. थंडीच्या लाटेत पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो, आणि ऊसतोडीला तर उजाडायच्या आतच जावं लागतं!

एका वर्षी सुट्टी लागायच्या आधी मी चौथीच्या वर्गाला थंडीबद्दल शिकवत होते. मोठ्या उत्साहानं सांगितलं, "थंडीत स्वेटर घालावा, कानटोपी घालावी." तेवढ्यात मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली.

"बाई, आम्ही पुढच्या आठवड्यात फडावर जाणार. कोपीत लई थंडी वाजती. पण स्वेटर न्हाई माझ्याकडं. मग काय घालू?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मी तिला खाली बसवलं आणि पुढचं शिकवत राहिले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिची आजी ओट्यावर बसून गोधडी शिवत होती. मी सकाळची हकिकत सांगितली, तर आजी हसायलाच लागली.

"बाई, ह्या गोधडीत काय लोकर हाय का? जुनी लुगडीच हायेत की. पाच-सहा पदर एकावर एक घातले की येती ऊब."

मित्रांनो, मला हवं होतं ते उत्तर आजीच्या मांडीवरच होतं!

आता मला सांगा, कपड्यात ऊब असते का? नसते. रात्रभर दोरीवर टांगलेला स्वेटर सकाळी हात लावून पाहा, थंडगार लागतो. ऊब असते ती आपल्या शरीरात. निरोगी माणसाच्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. बाहेरची हवा थंड असली की ही उष्णता शरीरातून निघून जाऊ लागते. कपड्याचं काम एवढंच, की तिला सहजासहजी जाऊ द्यायचं नाही.

आणि हे काम नुसतं कापड करत नाही, तर कापडात अडकलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. एकावर एक कपडे घातले की दोन कपड्यांच्या मध्ये हवेचा एक पातळ थर सापडतो. तीन कपडे घातले की असे थर वाढतात. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ, सैल कपडे पुष्कळदा जास्त ऊब देतात. थंडीच्या सकाळी तारेवर बसलेली चिमणी पाहिलीत का? चेंडूसारखी गोल दिसते. ती एका रात्रीत लठ्ठ झालेली नसते बरं का! तिनं पिसं फुलवून त्यात हवा धरून ठेवलेली असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही करा, मात्र गरम पाणी मोठ्या माणसांकडूनच ओतून घ्या. सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घेतल्या. तिन्हीत सारखंच गरम पाणी भरलं. पहिली तशीच उघडी ठेवली. दुसरीला जुन्या धोतराच्या फडक्याचे चार सैल वेढे दिले. तिसरीलाही चार वेढे दिले, पण फडकं ओलं करून, पिळून. तिन्ही बाटल्या व्हरांड्यात वाऱ्याला ठेवल्या. अर्ध्या तासानं फडकी काढून हात लावून पाहिलं. दुसरी बाटली सगळ्यांत गरम होती. आणि सगळ्यांत गार कोणती? उघडी नव्हे, तर ओल्या फडक्याची!

मुलं आश्चर्यात पडली. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात, तसं झालं की हे!" अगदी बरोबर. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. शिवाय स्थिर हवेच्या तुलनेत पाण्यातून उष्णता सुमारे पंचवीस पट वेगानं वाहते. म्हणून अंगावर ओला कपडा ठेवणं म्हणजे थंडीत स्वतःचा माठ करून घेणं!

ही गोष्ट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहणाऱ्या इन्युइट लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जुन्या पुस्तकांत आपण त्यांना एस्किमो म्हणून वाचतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. पण त्या बर्फात शेती होत नाही, त्यामुळे शिकारीवरच त्यांचं पोट भरत आलं. सील हा प्राणी बर्फातल्या भोकाशी श्वास घ्यायला येतो. त्याची वाट पाहत शिकाऱ्याला तासन् तास जराही न हलता थांबावं लागतं. ही थंडी सोसण्यासाठी ते कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे दोन अंगरखे घालत. आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे, बाहेरच्याची केसाळ बाजू बाहेर. कॅरिबूच्या केसांतही हवा भरलेली असते. अंगरखे मुद्दाम सैल शिवलेले असत. चालून अंग तापलं की गळ्याशी मोकळे करायचे किंवा वरचा काढून ठेवायचा, म्हणजे घाम येत नाही. कारण तिथे घामानं भिजणं म्हणजे जिवाशी गाठ.

१९२४ साली एव्हरेस्टवर गेलेला गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी तिथून परतलाच नाही. १९९९ साली त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशमी, सुती आणि लोकरी असे एकावर एक पातळ कपडे होते. पुढे तसेच कपडे शिवून २००६ साली एव्हरेस्टवरच घालून पाहण्यात आले, तर ते हलके आणि चांगले उबदार निघाले.

आता आपल्या उसाच्या फडात परत येऊ. आमच्याकडच्या बायका ऊस तोडताना साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा घालतात. उसाची धारदार पानं हातांना कापू नयेत म्हणून तो असतो, पण पहाटे तोच सदरा थंडीचाही एक थर होतो. मात्र पानांवर दव असतं, आणि काम सुरू झालं की घामही येतो. म्हणजे बाहेरून ओल, आतूनही ओल! काम चालू आहे तोवर काही वाटत नाही. मोळ्या बांधून झाल्या, माणूस जरा टेकला, वारा सुटला, की मग हुडहुडी भरते.

म्हणून त्या मुलीला आणि वर्गातल्या सगळ्यांना मी या गोष्टी वहीत लिहून दिल्या:

पहिला थर अंगालगतचा. तो पातळ आणि कोरडा हवा. घामानं भिजला की बदलायचा.

दुसरा थर हवा धरणारा. स्वेटर असला तर उत्तम, नसला तर दोन जुने सदरे एकावर एक. फार घट्ट नकोत, नाहीतर हवेला जागाच उरत नाही.

तिसरा थर वारा अडवणारा. जाड विणीचा सदरा किंवा जुनं जाकीट. मेंढपाळांची घोंगडी इथे फार कामाची. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते, आणि लोकर थोडी ओली झाली तरी बरीच ऊब राखते. सुती कपड्याचं तसं नसतं.

पळायला-खेळायला लागलात की घाम यायच्या आधी वरचा कपडा काढा. थांबलात की थंडी वाजायच्या आधी घाला. कान झाका, पायांत कोरडे मोजे घाला.

झोपताना सगळ्या गोधड्या अंगावर घेऊ नका. जमीनही उष्णता ओढून घेते, म्हणून एखादी अंगाखालीही घाला. आणि कोपीत किंवा बंद खोलीत शेकोटी, शेगडी पेटती ठेवून कधीच झोपू नका. आगीची भीती असतेच, शिवाय कोंडलेला विषारी वायू झोपेतच जीव घेऊ शकतो.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. नवा स्वेटर घेणं प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. पण मुलाचा एक कपड्यांचा जोड फक्त झोपण्यासाठी कोरडा ठेवणं बहुतेकांना जमेल. तेवढ्यानंही रात्र सुखाची जाते.

ती मुलगी गेली. वर्गातली तिची जागा चार-पाच महिने रिकामी होती. चैत्राच्या उन्हात एक दिवस ती दारात उभी राहिली. उंच झाली होती, जरा रापली होती. मी विचारलं, "काय गं, थंडी वाजली का?"

"मला न्हाई वाजली, बाई. मी रोज तीन घातले, आन् रातचा जोड कोरडा ठेवला. पण आईला सदरा बदलायला टाईमच नसायचा. गाडी भरायची घाई असायची ना."

"मग?"

"मग मीच तिचा कोरडा सदरा भाकरीच्या फडक्यात बांधून फडात घेऊन जायचे. भाकर खायच्या आधी तिला बदलायला लावायचे."

मित्रांनो, हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी फक्त तिचं काय, एवढंच पाहिलं होतं. तिनं आईचंही पाहिलं. तुमच्या घरात पहाटे उठून सगळ्यांत आधी गारठ्यात जाणारं कोण आहे? यंदाच्या थंडीत त्यांच्या अंगावर किती थर आहेत, आणि ते कोरडे आहेत ना, एवढं जरा पाहाल?