गरोदरपणात एचआयव्हीची गोळी : त्रास कोणता, किती, आणि त्याचं काय करायचं

"गोळी घेतली की तासाभरात ओकारी येते. एवढं कडक औषध, पोटातल्या बाळाचं काय होत असेल?" मुंब्रा, राबोडी, भिवंडी किंवा कल्याणमधल्या एखाद्या घरात हा प्रश्न पडतो, तेव्हा तो मोठ्याने विचारला जात नाही. सासूला विचारायची सोय नसते, शेजारच्या आपाला तर नाहीच. मग चार दिवस गोळी बंद करून बघू, असं बाई मनाशीच ठरवते. मळमळ कमी होते, तिला वाटतं बरं झालं. इकडे विषाणू पुन्हा वाढू लागलेला असतो. म्हणून या विषयावर आम्ही आडपडदा न ठेवता लिहितो आहोत.

आधी एक गोष्ट. गरोदरपणाची नावनोंदणी झाली की सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात हिमोग्लोबिन, साखर यांच्याबरोबर एचआयव्हीची तपासणीही सुचवली जाते. अनेक बायकांना आपल्या आजाराची बातमी पहिल्यांदा तिथेच कळते. नवऱ्याची तपासणी तोवर झालेलीच नसते. बाईचा अहवाल आधी आला म्हणजे आजार तिने आणला, असं घरात धरलं जातं. ते चूक आहे. बाळंतपणामुळे तिचं रक्त आधी तपासलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

गोळी कशासाठी? काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता १०० मागे १५ ते ४५ असते. उपचार नीट घेतले तर ती ५ च्या खाली येते, आणि औषध लवकर सुरू होऊन विषाणू दबला असेल तर आणखी कमी होते. या एका फरकासाठी बाकीचा सगळा त्रास सोसायचा आहे.

या औषधांची वाट आपल्या पुण्यातूनही गेली आहे. पूर्वी प्रसूतीच्या वेळी आईला आणि जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिनचा एकेक डोस देत. बाळाला ६ आठवडे हे औषध दिलं तर जास्त फायदा होतो का, हे पाहणाऱ्या अभ्यासात इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या माता होत्या. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले : ६ आठवड्यांच्या वयात एका डोसवाल्या बाळांत लागण ५.३ टक्के, ६ आठवडे औषध घेतलेल्या बाळांत २.५ टक्के. पुढे २०१४ पासून आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाधित स्त्रीला तीन औषधांचा उपचार, तोही आयुष्यभरासाठी, सुरू झाला.

तीन औषधांचा उपचार बिनत्रासाचा होता, असं मात्र नाही. भारतासह सात देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले, गरोदरपणात तीन औषधं घेणाऱ्या मातांच्या बाळांना लागण फक्त ०.५ टक्के झाली, तर झिडोव्हुडिन हे एक औषध मुख्य असलेल्या जुन्या पद्धतीत १.८ टक्के. पण त्या वेळच्या तीन औषधांत अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं जास्त जन्मली : झिडोव्हुडिनच्या तिहेरी उपचारात २३ टक्के, एकट्या झिडोव्हुडिनवर १२ टक्के. म्हणजे भीती अगदीच हवेतली नाही. फक्त ती औषधं आता पहिल्या पसंतीची राहिलेली नाहीत.

सध्या बहुतेक जणींना मिळते ती एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. डोल्युटेग्राविरची तुलना आधीच्या एफाव्हिरेन्झशी भारतासह ९ देशांतल्या ६४३ गरोदर स्त्रियांवर झाली. बाळंतपणाच्या वेळी विषाणू दबलेल्या स्त्रिया डोल्युटेग्राविरच्या गटात ९८ टक्के होत्या, एफाव्हिरेन्झच्या गटात ९१ टक्के. ज्यांनी एफाव्हिरेन्झ घेतली आहे त्यांना ती चक्कर आणि रात्रीची ती विचित्र स्वप्नं आठवत असतील. नव्या गोळीत ते बरंच कमी आहे.

नव्या गोळीचा त्रास म्हणजे मळमळ, डोकेदुखी, कधी जुलाब, कधी झोप न लागणं, पुढे वजन वाढणं. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ गोळीची की गरोदरपणाची, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. बहुतेकींचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. मळमळ होत असेल तर जेवणानंतर गोळी घ्या. झोप उडत असेल तर वेळ सकाळची करून घ्या. गोळी घेतल्यापासून तासाभराच्या आत उलटी झाली तर साधारणपणे पुन्हा एक गोळी घ्यावी लागते, त्यानंतर झाली तर नाही. तरी आपल्या केंद्रात हे एकदा विचारून ठेवा. उलटी थांबवणारं, गरोदरपणात चालणारं औषधही मिळतं, ते मागायला लाजू नका.

आता बाळाच्या व्यंगाची गोष्ट. २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशातून बातमी आली की, गर्भ राहण्याच्या वेळी डोल्युटेग्राविर घेत असलेल्या ४२६ मातांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदू-मणक्यात दोष आढळला. जगभर घबराट झाली, कित्येक तरुण मुलींना हे औषध नाकारलं गेलं. पण त्याच अभ्यासात आणखी हजारो बाळंतपणं मोजली गेली तसा तो आकडा खाली आला, आणि शेवटी इतर औषधं घेणाऱ्या मातांइतकाच निघाला. २०१९ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रियांसाठीही हेच औषध पहिल्या पसंतीचं ठरवलं. फोनवर फिरते ती मात्र अजून २०१८ ची बातमी! शिवाय मेंदू-मणक्याची ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण ४ आठवड्यांत बंद होते. नावनोंदणीला बाई येते तोवर तो टप्पा बहुधा उलटून गेलेला असतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात घाबरून गोळी सोडल्याने बाळाला काहीच फायदा होत नाही, तोटा मात्र नक्की होतो.

ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते वेगळंच आहे : लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम. प्रत्येक गरोदर बाईला त्या मिळतात. पण लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात, औषध रक्तात कमी पोचतं. बाई रोज इमानदारीने गोळी घेते आणि तरी विषाणू दबत नाही, असं यामुळे होऊ शकतं. नियम असा : एकतर दोन्ही भरपेट जेवणाबरोबर घ्या, किंवा एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनी घ्या. जळजळ होते म्हणून घेतलं जाणारं डायजिन, जेलुसिलसारखं पातळ औषध तर जेवणाबरोबरही चालत नाही. त्याला २ तास आधी, ६ तासांनी हाच नियम. आणि लोह व कॅल्शियम हेही एकमेकांबरोबर घेऊ नयेत. एवढं सगळं डोक्यात ठेवणं कठीण आहे, म्हणून डॉक्टरांकडून कागदावर वेळा लिहून घ्या आणि कागद कपाटाच्या आतल्या बाजूला लावा.

रमजानमध्ये हे गणित अजून अवघड होतं. गरोदर स्त्रीला रोजा नंतर भरून काढण्याची सवलत आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घरात सगळे रोजे ठेवत असताना आपण एकटीने खाणं जड जातं. कोणी कारण विचारेल हीही धास्ती असते. गरोदरपण हेच पुरेसं कारण आहे, दुसरं सांगायची गरज नाही. डॉक्टरांच्या परवानगीने रोजा ठेवलाच तर गोळी सहरीच्या जेवणाबरोबर आणि लोह इफ्तारच्या जेवणानंतर, अशी मांडणी बसते. रोज वेळ एकच ठेवायची. हकिमी कुश्ता किंवा भस्म मात्र टाळा. त्यांत धातू असतात, आणि टेनोफोविरमुळे मूत्रपिंडावर आधीच लक्ष ठेवावं लागतं.

त्यासाठी क्रिएटिनिनची तपासणी होते. डोल्युटेग्राविरमुळे हा आकडा थोडा वाढलेला दिसतो, मूत्रपिंडाला काही झालेलं नसतानाही. त्यामुळे अहवाल पाहून घरीच निष्कर्ष काढू नका. गरोदरपणातल्या साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगाच, कारण या गोळीबरोबर मेटफॉर्मिन रक्तात वाढतं आणि त्याचा डोस मर्यादेत ठेवावा लागतो. काही जणींना अजून झिडोव्हुडिन दिलं जातं, त्याने रक्त कमी होतं. देशात १०० पैकी ५२ गरोदर स्त्रियांना आधीच रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत दिसलं. अशा बाईने हिमोग्लोबिन वेळेवर तपासायलाच हवं.

थांबायचं नाही अशी लक्षणंही आहेत. अंगावर पुरळ आणि बरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, डोळे पिवळे होणं, गडद लघवी, पोटात सतत दुखणं, पाणीही पोटात न ठरणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. औषध बदलायचं की थांबवायचं ते तिथे ठरेल. स्वतःहून बंद केल्याचा एक छुपा धोका असा की, हिपॅटायटिस बी असेल तर यातलीच दोन औषधं त्यालाही दाबून ठेवत असतात, आणि ती अचानक थांबली की यकृताला सूज येऊ शकते.

३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोडची तपासणी चुकवू नका. बाळंतपण आणि बाळाची औषधं कशी ठेवायची, हे त्यावर ठरतं. नेमका याच सुमारास पुष्कळ मुली माहेरी निघतात, कोणी रत्नागिरीला, कोणी थेट उत्तर प्रदेशात, आणि तिथेच गोळ्या संपतात. निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या एआरटी केंद्रात सांगा. माहेरच्या जिल्ह्यातल्या केंद्रासाठी चिठ्ठी मिळते, उपचारांचं पुस्तक बरोबर ठेवायचं. बाळाला जन्मल्यावर किमान ६ आठवडे औषध द्यावं लागतं आणि ६ आठवड्यांनी त्याची पहिली तपासणी असते, हेही तिथेच होऊ शकतं.

कोणाला कळेल, या भीतीने केंद्रात जायचं टाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमची माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई करतो. घराजवळच्या केंद्रात ओळखीचं कोणी भेटेल असं वाटत असेल तर दुसऱ्या केंद्रात बदली मागता येते. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येतं, गोळ्यांच्या त्रासाबद्दलसुद्धा.