शिशाचा हिशेब

एक टन ग्रॅनाइटमध्ये शिसं असतं साधारण वीसेक ग्रॅम. ते वेगळं काढताना थोडं गाळणीत अडकतं, थोडं भांड्याला चिकटतं. मग हाती आलेल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? १९३१-३२ मध्ये जॉर्ज द हेवेशी आणि हॉबी यांनी यावर तोड काढली. विरघळवलेल्या खडकात त्यांनी किरणोत्सारी शिसं मोजून मिसळलं. दोन्ही शिशांचं रसायन एकच, त्यामुळे वाया जायचं तेही सारख्याच प्रमाणात. शेवटी हाती किती उरलं याला महत्त्व राहिलं नाही. मिश्रणातल्या प्रमाणावरून मूळचं शिसं काढता आलं. समस्थानिक विरलनाची ही सुरुवात.

महायुद्धानंतर किरणोत्सारी नसलेले, शुद्ध केलेले समस्थानिक मिळू लागले. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यामुळे दोन्ही मोजले की खडकाचं वय कळतं. शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी झिरकॉन या खनिजातलं युरेनियम मोजायचं काम जॉर्ज टिल्टन यांना दिलं, तर शिशाचं क्लेअर पॅटरसन यांना. टिल्टन यांचे आकडे जुळले. पॅटरसन यांचे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आले. पद्धतीची दुसरी बाजू तिथे उघडी पडली: घट ती सहज पचवते, पण बाहेरून पडलेली भर तिला ओळखता येत नाही. आणि शिसं तर धुळीत, पाण्यात, आम्लात, सगळीकडे होतं. पॅटरसन यांची पुढची वर्षं ते हुसकावण्यात गेली. १९५६ मध्ये त्यांनी उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. प्रयोगशाळेत एवढं शिसं येतं कुठून, या प्रश्नाने त्यांना पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध उभं केलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं.

१९७३ मध्ये टॉम क्रो यांनी टेफ्लॉनच्या बंद कुपीत झिरकॉन विरघळवण्याची रीत दिली आणि बाहेरची भर आणखी घटली. पुढे निसर्गात जवळपास न सापडणारं शिसं-२०५ मिसळायला मिळालं. आता चांगल्या प्रयोगशाळेत ही भर ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्याही खाली जाते.

त्याच जोरावर २०१५ मध्ये ब्लेअर शोनी आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या लाव्हाथरांच्या मधल्या लाल मातीतल्या झिरकॉनचं वय मोजलं. दख्खनचा मुख्य उद्रेक डायनासोरांच्या अंतापूर्वी सुमारे अडीच लाख वर्षं सुरू झाला, असं त्यांना दिसलं. पॅटरसन यांच्या उत्तरात ७ कोटी वर्षं पुढेमागे होण्याची मुभा होती. दख्खनचं सगळं वयच साडेसहा कोटींच्या आसपास. आज तिथला वाद काही दशसहस्र वर्षांच्या फरकावर चालतो.