मथळ्याचा शोध: सातबारा व संगणकीय कोष्टक

मथळ्याचा भाग फाटलेला जमाखर्चाचा कागद हातीं आला म्हणजे आंकड्यांवरून रकान्यांचा अर्थ लावावा लागतो, आणि तो पुष्कळदां चुकतो. संगणकांतील कोष्टकांविषयीं असें अनुमान करण्याचें कारण नाहीं. तेथें मथळा वेगळा जतन केलेला असतो.

दाखला नवी मुंबईचा घेऊं. हें शहर वसविण्यासाठीं सिडको १७ मार्च १९७० रोजीं स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवें योजनेंत आलीं. तेथील जुन्या घराण्यांचा माग काढणारास सातबाराशिवाय गति नाहीं. हा एकच कागद दिसतो. वस्तुतः गांव नमुना सात हें अधिकार अभिलेख पत्रक, तर बारा ही पिकांची नोंदवही. सातवर भोगवटादाराचें नांव, क्षेत्र, आकार व फेरफाराचा क्रमांक असतो. त्या फेरफाराची हकीकत मात्र नमुना सहांत पाहावी लागते. एका वहींतील क्रमांकावरून दुसरींतील नोंद गांठावयाची, हीच युक्ति एडगर कॉड यांनीं त्याच १९७० सालीं मांडलेल्या संगणकीय कोष्टकपद्धतींत आहे.

अशा कोष्टकाचे रकाने पाहण्यास एकही नोंद उघडावी लागत नाहीं. मायएस्क्यूएल किंवा ओरॅकल यांस ‘डिस्क्राइब’ ही आज्ञा देऊन पुढें कोष्टकाचें नांव लिहावें. १९९२ च्या प्रमाणांत ‘इन्फर्मेशन स्कीमा’ नांवाची सूचि सांगितली आहे. तींतील ‘कॉलम्स’ या कोष्टकांत इतर कोष्टकांचे रकाने नोंदलेले असतात. (ओरॅकल हीच माहिती निराळ्या नांवानें ठेवतो.) प्रत्येक रकान्याचें नांव, प्रकार, लांबी, आणि तो रिकामा चालतो कीं नाहीं, इतकें कळतें.

आपल्या हस्तलिखितांची सूचि संगणकावर चढविणारांनीं हें आधीं पाहावें. तारखेचा रकाना ‘डेट’ प्रकारचा असेल तर शके १६८२ पौष शुद्ध ८ ही पानिपतची मिति त्यांत बसत नाहीं. सूचीकार १४ जानेवारी १७६१ लिहून मोकळा होतो, आणि मूळ कागदांत मिति कशी होती तें सूचींतून नाहींसें होतें. लांबीही तपासावी, मायएस्क्यूएलच्या शिथिल मांडणींत जास्तीचीं अक्षरें छाटलीं जाऊन केवळ एक सूचना मिळते, ती कोण वाचतो?

मथळा सांपडला तरी अर्थ सांपडतोच असें नव्हे. ‘आकार’ या रकान्यांत अंक येतो इतकेंच संगणक सांगेल. तो जमिनीचा विस्तार नसून तिच्यावरील सारा आहे, हें महसुली परिभाषा जाणणारासच विचारावें लागतें.