बियाण्याला हात न लावणारे शास्त्रज्ञ

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ हे गाव उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या रहिवाशांना परिचित आहे ते औद्योगिक विकास महामंडळाच्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. मात्र गृहसंकुले उभी राहण्यापूर्वी उल्हास नदीकाठचा हा पट्टा प्रामुख्याने भातशेतीचा होता. शेतकऱ्याच्या घरात एक अलिखित नियम असे. कणगीतले धान्य संपले, उसनवारी करावी लागली, तरी पुढच्या पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात काही शास्त्रज्ञांनी हाच नियम प्राणांचे मोल देऊन पाळला. त्यांतील एक जण भाताचाच अभ्यासक होता.

ही घटना लेनिनग्राडची, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गची. निकोलाय वाविलोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाच खंडांत भ्रमंती करून गहू, भात, मका, कडधान्ये, बटाटे यांच्या वाणांचा प्रचंड संग्रह तेथील संस्थेत उभा केला होता. नमुन्यांची संख्या दोन लाखांच्या घरात होती. दुष्काळ आणि रोग यांना तोंड देणारी पिके निर्माण करण्यासाठी जुन्या वाणांतील गुण जपले पाहिजेत, हा त्यांचा विचार होता. मात्र स्टालिनच्या राजवटीने ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक केली. संग्रहाची जबाबदारी सहकाऱ्यांवर येऊन पडली.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो जानेवारी १९४४ पर्यंत टिकला. पहिल्याच हिवाळ्यात अनेक नागरिकांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येऊ लागला. संस्थेच्या कपाटांत मात्र टनावारी धान्य होते. उंदरांपासून बचावासाठी बियाणे धातूच्या डब्यांत भरण्यात आले. भुकेल्या जमावाच्या भीतीने आळीपाळीने पहारे सुरू झाले. गोठल्यास बटाट्याचे बेणे निकामी होते, म्हणून ते ठेवलेल्या खोलीत मिळेल ते जाळून ऊब राखण्यात आली.

भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन यांना कामाच्या टेबलापाशीच मृत्यू आला. ओटच्या अभ्यासक लिलिया रोदिना उपासमारीने गेल्या. भाताचे संग्राहक दिमित्री इव्हानोव्ह यांचाही भूकबळी गेला, तेव्हा त्यांनी राखलेली तांदळाची हजारो पाकिटे शाबूत होती. खुद्द वाविलोव्ह २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात निधन पावले. भुकेवर आयुष्यभर उपाय शोधणारा हा संशोधक कुपोषणाने खंगला होता.

मूठभर दाण्यांसाठी जीव देणे शहाणपणाचे होते काय? खाल्लेले धान्य पुढच्या हंगामात पुन्हा पिकवता येते. पण एखाद्या वाणाचे अखेरचे दाणे संपले, तर ते वाण कायमचे नष्ट होते. त्याची किंमत किती, हे पुढे भाताच्याच बाबतीत दिसून आले. १९७० च्या दशकात पीक खुरटवणाऱ्या एका विषाणूने आशियातील भातशेतीला ग्रासले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्या रोगाला दाद न देणारा उपयुक्त नमुना एकच सापडला. तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या रानभाताचा होता. त्याच्या संकरातून रोगप्रतिकारक वाण तयार झाले.

युद्धाचे संकट आजही टळलेले नाही. सीरियातील यादवीमुळे अलेप्पोजवळील बियाणे संग्रह संशोधकांच्या हातून निसटला. परंतु त्याच्या प्रती नॉर्वेतील स्वालबार्डच्या हिमकोठारात आधीच ठेवलेल्या होत्या. २०१५ मध्ये त्या परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत संग्रह नव्याने उभारण्यात आला.

आपल्याकडे दिल्लीत राष्ट्रीय जनुक पेढी आहे, तर बदलापूरहून लोकलने गाठता येणाऱ्या कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरीच गावरान वाणांची बँक उभारली. त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. मात्र वाण नष्ट व्हायला युद्धच लागते असे नाही. शेत बिनशेती झाले, कणगी अडगळीत गेली आणि दोन-चार हंगाम पेरणी चुकली, की जुने बियाणे रुजण्याची शक्ती गमावते. त्यासाठी कोणी बॉम्ब टाकत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनी उपाशीपोटी जे राखले, ते भरल्या पोटी गमावण्याची वेळ येऊ नये, एवढी दक्षता शहरे वाढत असताना घेतली गेली पाहिजे.