ठेका, शब्द आणि किंकाळी



वसंत व्याख्यानमालेत संगीतावर बोलायचे म्हटले, की श्रोत्यांची अपेक्षा एखाद्या घराण्याची, निदान नाट्यसंगीताची तरी असते. आजचा विषय त्याहून फार निराळा आहे. रॅपच्या ठेक्यावर झरझर बोलत जावे आणि बोलता बोलता गळा फाटेल अशी किंकाळी फोडावी, अशा दोन गोष्टींच्या संकरातून जे संगीत निर्माण झाले, त्याविषयी हे विवेचन आहे. अमेरिकेत त्याच्या एका प्रकाराला 'क्रंककोर' असे नाव पडले. त्यानंतरच्या प्रकाराला 'ट्रॅप मेटल' म्हणतात. घरातला मुलगा कानाला इअरफोन लावून हे ऐकत बसलेला असतो. बाहेर नुसती धमधम ऐकू येते, आणि आजी विचारते, "हे काय गानं आहे बाप्पा?" प्रश्न रास्त आहे. 'आजकालच्या पोरांना काही कळत नाही' हे मात्र त्याचे उत्तर नव्हे.

प्रथम या दोन कुळांची ओळख करून घेऊ. हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथल्या एका इमारतीत कूल हर्क याने तबकड्या लावून जो नाचाचा कार्यक्रम केला, तेथून त्याचा इतिहास मोजण्याची प्रथा आहे. तबकडीवर ठेका चालू ठेवून त्यावर यमकबद्ध बोलणे म्हणजे रॅप. त्यात स्वरांना महत्त्व थोडे, अक्षरांना फार. चार ठोक्यांच्या एका घरात किती अक्षरे बसवली, कोणते अक्षर ठोक्यावर पाडले, कोणते मुद्दाम मागे ओढले, यावर रॅपरची परीक्षा होते. आपला कहरवा ज्याच्या अंगात भिनला आहे त्याला हे गणित अवघड वाटू नये.

दुसरे कूळ पंकचे. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडन येथे पंक उदयाला आले. तीन-चार सूर वाजवता आले की पुरे, गाता आलेच पाहिजे असे नाही, असा त्याचा बाणा होता. पुढे 'हार्डकोर' या शाखेत वेग वाढला आणि गाण्याची जागा ओरडण्याने घेतली. वॉशिंग्टनचा बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय तरुणांचा वाद्यवृंद या शाखेच्या आरंभीच्या मानकऱ्यांपैकी एक. ही दोन कुळे एकमेकांना अगदीच परकी नव्हती. बीस्टी बॉइज हे पुढे रॅपसाठी गाजलेले त्रिकूट. त्यांचा आरंभ १९८१ च्या सुमारास हार्डकोर पंकनेच झाला होता.

क्रंककोर आले ते मात्र दक्षिणेच्या वाटेने. मेंफिस आणि अटलांटा येथील नाचघरांत 'क्रंक' नावाचा रॅप रूढ झाला होता. त्यात शब्द मोजके, आणि तेही सर्वांनी मिळून ओरडायचे. जेथे आधीच ओरडणे आहे, तेथे किंकाळीला शिरायला कितीसा वेळ लागणार? न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कच्या ब्रोकनसाइड या मंडळींनी २००६ नंतर हा मेळ घातला. २००९ साली त्यांचा जो संग्रह निघाला त्याच्या नावाचा अर्थ 'मला नाही आवडत, पण पोरांना आवडते' असा होतो. आजीचा प्रश्न त्यांनी मुखपृष्ठावरच छापून टाकला म्हणायचा! समीक्षकांनी त्यांना यथेच्छ झोडपले, आणि माझ्या मते ते फारसे चुकले नाहीत. मद्य, मौज आणि मुली यांपलीकडे सांगण्यासारखे त्या गाण्यांत थोडेच होते. त्यातली किंकाळी वरातीतल्या फटाक्यासारखी: आवाज मोठा, पण कशासाठी, ते विचारू नये.

परंतु एका वरातीवरून सगळा प्रकार निकालात काढणे योग्य होणार नाही. किंकाळी ही काय वस्तू आहे, हे आधी पाहिले पाहिजे. सामान्य समजूत अशी, की ज्याला गाता येत नाही तो ओरडतो. वस्तुतः व्यवस्थित किंकाळी हे शिकून साधण्याचे काम आहे. आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. त्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात. नेहमीच्या बोलण्यात त्या स्वस्थ असतात. कसलेला ओरडणारा गायक पोटातून श्वास नियंत्रित करून या घड्या कंपित करतो. त्यामुळे आवाज खरखरीत, भयंकर वाटतो, पण खऱ्या तंतूंवर भार कमी पडतो. ज्याला हे साधत नाही त्याच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, आणि आवाज बसतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनी तर किंकाळीचे रीतसर शिक्षण देणारी ध्वनिचित्रफीत २००५ साली काढली. आवाज मात्र ऐकणाऱ्याला वाटतो तितका मोठा नसतो. बरेचसे काम ध्वनिक्षेपक करतो.

आता खरी अडचण येते. किंकाळीत स्वर टिकतात, व्यंजने झिजतात. 'त' आणि 'द', 'प' आणि 'ब' यांतला भेद ऐकू येईनासा होतो. आणि रॅपची तर सगळी मदार व्यंजनांवर! म्हणजे हे लग्न मुळातच विजोड. मग संसार चालतो कसा?

एक तोड म्हणजे दोन गळे. दिल्लीच्या ब्लडीवूड या वाद्यवृंदात राऊल केर रॅप करतात आणि जयंत भादुला किंकाळी फोडतात; मागे ढोल वाजत असतो. एकाने म्हणणे मांडायचे, दुसऱ्याने त्याचा दाह दाखवायचा. २०२२ च्या 'रक्षक' या त्यांच्या संग्रहात ही कामाची वाटणी स्पष्ट ऐकू येते. दुसरी तोड अवघड आहे: एकाच गळ्याने दोन्ही करायचे. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोच्या डेथ ग्रिप्सने २०११ पासून हा मार्ग चोखाळला. त्यांचा रॅपर पूर्ण किंकाळीपर्यंत जात नाही. शब्द फुटण्याच्या काठावर तो आवाज धरून ठेवतो. इंग्लंडमधील वुल्वरहॅम्प्टनच्या स्कार्लर्डचे 'हार्ट अटॅक' २०१७ साली गाजले, तेही याच वाटेवरचे.

याला एका यंत्राचेही साहाय्य झाले. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचे तालयंत्र बाजारात आणले. त्याचा खर्जातला धम्म लांब घुमतो. ट्रॅपमध्ये तळाशी हा खर्ज असतो आणि वर झांजेची बारीक टिकटिक. मधला पट्टा बराचसा मोकळा राहतो. पंकमध्ये त्याच पट्ट्यात गिटारींचा कल्लोळ असतो, आणि गायकाला त्याच्याशी झोंबावे लागते. येथे मात्र मैदान मोकळे. म्हणून एकटा मुलगा घरच्या संगणकावर ठेका बसवून, कुणा वाद्यवृंदावाचून, हे संगीत करू शकतो. त्याच्या प्रसाराचे निम्मे कारण या स्वस्ताईत आहे, असे मला वाटते.

हे सर्व अमरावतीच्या श्रोत्यांना सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. सौरभ अभ्यंकर हे रॅपर अमरावतीचे. ते आपले नाव शंभराचा आकडा आणि त्यापुढे आर, बी, एच ही इंग्रजी अक्षरे अशा रीतीने लिहितात. शंभर म्हणजे 'सौ', हे ध्यानात आले की नाव उलगडते. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅपरमंडळातले ते. या मंडळाने २०१९ साली वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' ही रचना काढली. २०२३ साली दूरचित्रवाणीवरील रॅपच्या स्पर्धेतही अभ्यंकर उतरले होते. सामाजिक विषमता हा त्यांचा आवडीचा विषय. हे क्रंककोर नव्हे. त्यांचा आवाज चढतो, घासतो, पण शब्द तुटू देत नाही. किंकाळीच्या उंबरठ्यावर येऊन ते थांबतात, आणि माझ्या दृष्टीने तो थांबा फार मोलाचा आहे.

कारण आमच्या बोलीला आजवर मंचावर जागा मिळाली ती बहुधा हसवण्यासाठी. नाटकात वऱ्हाडी पात्र आले, की 'काऊन बे' म्हणायच्या आधीच प्रेक्षक हसतात. संतापलेला वऱ्हाडी माणूस मात्र मंचावर क्वचित दिसतो. आणि संतापाला कारण नव्हते असे कोण म्हणेल? कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. अमरावती आणि अकोला त्या सहांत होते.

चढ्या आवाजाचे आम्हाला वावडेही नाही. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना खडसावून विचारलेले प्रश्न, तेही याच बोलीत. आणि श्रोत्यांनी एका आवाजात दिलेली उत्तरे. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी मोझरीला ऐकली, त्यांना ठेका अंगात येणे म्हणजे काय ते सांगायला नको. दोघांचाही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचे, आणि दोघांचाही शब्द न् शब्द कळे.

बोलीची घडणही या कामी अनुकूल आहे. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. 'ळ' म्हणताना जीभ टाळूकडे वळवावी लागते. 'य' नुसता घसरत पुढे जातो. जलद रॅपमध्ये ही घसरण फार उपयोगी पडते. 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' या रूपांत क्रियापद लांबते आणि ठोक्यांना पुरून उरते. आणि 'काऊन' हा शब्द तर पाहा: आरंभी उघडा 'का', वाटेल तितका ताणावा, हवे तर तेथे किंकाळी फोडावी; नंतर 'ऊन' ठोक्यावर आपटून मिटवावा. प्रश्न ऐकूही येतो आणि बोचतोही. कुणा अकोल्याच्या मुलाला हा प्रयोग करायचा असेल, तर त्याने गळा आधी शिकून घ्यावा, गरम पाणी जवळ ठेवावे, आणि 'काऊन'च्या पुढे काय विचारायचे आहे ते कागदावर लिहून मगच ठेका लावावा.