इंटरनेट सेवा पुरवठादारांची उतरंड आणि नोएडाचे विनिमय केंद्र

दिल्लीतील एका विद्यार्थ्याने त्याच शहरातील एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ उघडले, तर माहितीचा प्रवास काही किलोमीटरचाच असावा, असे कोणालाही वाटेल. मात्र २००३ पूर्वी दोघांचे सेवा पुरवठादार वेगळे असल्यास ही माहिती अनेकदा अमेरिकेपर्यंत जाऊन परत येत असे. असे का घडत होते, हे समजण्यासाठी सेवा पुरवठादारांची उतरंड लक्षात घ्यावी लागते.

तीन स्तर

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांचे जाळे होय. यातील तिसऱ्या स्तरावरील पुरवठादार घरे व कार्यालये जोडतात आणि बाहेरील जगाशी संपर्कासाठी वरच्या पुरवठादाराकडून क्षमता विकत घेतात. या खरेदीला ‘ट्रान्झिट’ म्हणतात. दुसऱ्या स्तरावरील पुरवठादार काही ट्रान्झिट विकत घेतात, तर काही वाहतुकीची समपातळीवरील पुरवठादारांशी थेट देवाणघेवाण करतात. तिला ‘पिअरिंग’ म्हणतात. पहिल्या स्तरावरील मोजक्या जागतिक कंपन्यांना कोणाकडूनही ट्रान्झिट घ्यावे लागत नाही. सागरी केबलचे विस्तृत जाळे असलेली टाटा कम्युनिकेशन्स ही पूर्वाश्रमीची विदेश संचार निगम या गटात गणली जाते.

परवान्याचे वर्ग

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ च्या धोरणाने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. परवान्यांचे तीन वर्ग ठरले : ‘अ’ वर्ग संपूर्ण देशासाठी, ‘ब’ वर्ग दूरसंचार मंडळ किंवा महानगरासाठी आणि ‘क’ वर्ग त्याहून लहान क्षेत्रासाठी. २०१३ च्या एकीकृत परवाना व्यवस्थेतही हे वर्ग कायम राहिले. परवान्याचा वर्ग सेवेचे भौगोलिक क्षेत्र ठरवितो, तर स्तर हा व्यापारी संबंधांवरून ठरतो. या दोहोंची गल्लत होऊ नये.

नोएडातील उपाय

पुरवठादार वाढले, परंतु ते परस्परांशी जोडलेले नव्हते. प्रत्येकाचा मार्ग परदेशी ट्रान्झिटमधून जात असल्याने देशांतर्गत वाहतुकीसाठीही परकीय चलन खर्च होत असे. प्रकाशतंतूत संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर अंतर कापतो. अमेरिकेपर्यंतचे एकेरी अंतर १२ हजार किलोमीटर धरले, तरी विनंती व उत्तर या दोन्ही फेऱ्यांत सुमारे पाव सेकंद केवळ प्रवासात जातो.

यावर उपाय म्हणून जून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच ‘निक्सी’, ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. तिचे पहिले केंद्र नोएडा येथे सुरू झाले. त्यानंतर मुंबई, चेन्नई व कोलकाता येथे केंद्रे उभी राहिली. विनिमय केंद्रात निरनिराळे पुरवठादार आपली जाळी एकाच सामायिक स्विचला जोडतात. दिल्लीची वाहतूक नोएडात वळून दिल्लीतच परतू लागल्याने वेळ व ट्रान्झिटचा खर्च या दोहोंची बचत झाली.

आर्थिक अर्थ

विनिमय केंद्राला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पुरवठादारामुळे आधीच्या सदस्यांचाही लाभ वाढतो. अर्थशास्त्रात यास ‘जाळ्याचा बाह्य परिणाम’ म्हणतात. मात्र हा लाभ सर्वांचा असल्याने आरंभीचा खर्च करण्यास एकटी कंपनी सहसा उत्सुक नसते. स्पर्धकांना समान वाटेल अशी तटस्थ संस्था उभारण्यात शासनाने घेतलेल्या पुढाकाराचे महत्त्व येथेच आहे. स्पर्धेने ग्राहकापर्यंत सेवा पोहोचविली. ती किफायतशीर होण्यासाठी स्पर्धकांमधील सहकार्यही आवश्यक ठरले.